हो की नाही, ते तिला एकटीला विचारा

प्रिय ताई,

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. घरात मी दहावी झालेली, म्हणून कागदपत्रं बघायचं काम माझ्याकडं. माझी धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. मागच्या आठवड्यात पीएचसीतल्या सिस्टरबरोबर मेडिकल कॉलेजची दोन माणसं घरी आली. बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ नये म्हणून दोन औषधांचा अभ्यास चाललाय, कुणाला कुठलं मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार, नाव द्या म्हणाली. फॉर्म कानडीत आहे. आम्हाला कानडी बोलायला येतं, पण असलं काही वाचून कळत नाही. दीर म्हणतात, सही करून टाक, सिस्टरला कशाला नाराज करायचं, उद्या तायी कार्डाचं (गरोदर बाईच्या तपासण्यांच्या सरकारी कार्डाचं) काम अडलं तर? सासूबाई म्हणतात, आमची सून काय प्रयोगाला ठेवलीय काय? जाऊ काहीच बोलत नाही.

हे एकच नाही. गणपतीच्या आधी झाडांचा अभ्यास करणारी दोन पोरं आली आणि मामंजींना घेऊन रानात फिरली. कुठलं झाड कशाला लावतात, सगळं लिहून घेतलं. त्याआधी एक मुलगी टॅब घेऊन सर्वेला आली. कमाई किती, खर्च कोण ठरवतं, नवरा हात उचलतो का, असलं सगळं विचारलं. सासूबाई तिथंच बसलेल्या. जाऊ खाली मान घालून नाही नाही म्हणत राहिली.

सगळे येतात, घेऊन जातात, परत कोण येत नाही. पेपरात रोज नवं संशोधन म्हणून वाचतो, ते आमच्याकडनंच घेतलेलं असतंय काय? आणि आता आम्ही काय करावं?

— एक वाचक, खानापूर तालुका


ताई,

तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, पुष्कळ वेळा तुमच्याकडनंच घेतलेलं असतं. आणि जाऊबाईंना ज्या विषयाच्या अभ्यासासाठी विचारलंय, त्या विषयात तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला जे दिलंय ते इथल्याच घराघरांत कुणाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

२००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. तेव्हा पुष्कळ बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात व्हायची, डॉक्टर जवळ नसायचा. रक्तस्राव आवरायचं नेहमीचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचायला माणूस लागतं. मग मिसोप्रोस्टॉल नावाची साधी गोळी, जिला फ्रीज लागत नाही आणि सुई लागत नाही, ती बाळ बाहेर आल्याबरोबर तोंडानं दिली तर उपयोग होईल का, हा प्रश्न होता. १,६२० बायका या अभ्यासात आल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. देणाऱ्या गावातल्या एएनएम सिस्टर, कुणाला कुठली दिली हे त्यांनाही ठाऊक नाही.

औषध नसलेली गोळी मिळालेल्या शंभरातल्या बारा बायकांना अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव झाला. खरी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा मोठा रक्तस्राव टळला. हा निष्कर्ष २००६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बाळंतिणीला ती गोळी मिळत असेल, तर त्यामागे आपल्याकडच्या या बायकांचाही वाटा आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट घडली. रक्त किती गेलं हे नजरेनं ठरवलं की नेहमी कमीच वाटतं. म्हणून बाळंतिणीच्या खाली घालायची एक प्लॅस्टिकची चादर तयार केली. तिला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं आणि सिस्टरला आकडा दिसतो. अशाच खुणांच्या पिशवीवर भर देऊन, रक्त ठरावीक खुणेपर्यंत आलं की सगळे उपचार एकदम सुरू करायचे, ही पद्धत पुढं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी इस्पितळांत तपासली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यानं होणारा मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं.

त्यानंतरही बेळगावचं नाव येत राहिलंय. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बेळगाव आणि नागपूर इथल्या पहिलटकरणी होत्या. सहा देशांतल्या जवळपास बारा हजार बायका. कमी ताकदीची ॲस्पिरिन सुरुवातीच्या महिन्यांपासून दिली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा अभ्यास आला, २९ हजारांवर बायका, त्यातही बेळगाव आणि नागपूर. कळा सुरू असताना एकच डोस दिला तर आईला जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतण्याचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर उतरलं, पण बाळांना फायदा झाला नाही. तेही तितक्याच ठळकपणे छापलं गेलं, आणि म्हणूनच त्या अभ्यासावर माझा विश्वास बसतो. (हे वाचून कुणी घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू करू नये. ती कुणाला द्यायची आणि कधी, ते डॉक्टरच ठरवतात.)

आता सासूबाईंचा प्रश्न. ‘प्रयोगाला ठेवलीय काय’ या त्यांच्या बोलण्यावर घरातलं कुणी हसलं असेल तर त्यांना सांगा, ही भीती हवेतली नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस हजारो मुलींना दिली गेली, तीही अभ्यास म्हणून. काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये सरकारनं ते काम थांबवलं. मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशी समितीला आढळलं नाही. पण संमतीच्या बाबतीत जे उघड झालं ते लाजिरवाणं होतं. वसतिगृहातल्या मुलींच्या आईबापांना विचारलंच नव्हतं, अनेक फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली होती, आजही डॉक्टर ती घ्यायला सांगतात. तरीही त्या मुलींवर अन्याय झाला, कारण त्यांच्या वतीनं ‘हो’ दुसरंच कुणी म्हणून टाकलं.

हेच तुमच्या घरात होऊ नये एवढीच माझी तळमळ आहे. दीर ‘हो’ म्हणतायत, सासूबाई ‘नाही’ म्हणतायत, आणि जिच्या अंगात औषध जायचंय ती गप्प आहे.

म्हणून आत्ता सही करू नका, आणि नकारही कळवू नका. पाचवा महिना आहे, आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. सिस्टरना सांगा, फॉर्म घरी ठेवून वाचायचाय आणि तो मराठीत हवाय. यात संकोच करू नका आणि हा भाषेचा वादही करू नका. आपल्या भागात मराठी म्हटलं की लगेच दुसरीच चर्चा सुरू होते, पण इथं प्रश्न औषधाचा आहे. २०१९ चे औषध चाचण्यांचे नियम आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, दोन्हींत लिहिलंय की भाग घेणाऱ्या माणसाला समजेल त्या भाषेत सगळं सांगायलाच हवं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं, आणि तेव्हा अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी हवा. सही झाली की माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्या हातात द्यायला हवी. ती तायी कार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री कुठल्या दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला कळेल.

फॉर्म हातात आला की पहिल्यांदा हे बघा: दोन औषधांपैकी एक आज सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळतं तेच आहे का? तसं असेल तर अर्ध्या बायकांना नेहमीचं औषध आणि अर्ध्यांना नवं, कुणीही औषधावाचून राहत नाही. तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, पण ‘वाटतंय’ यावर जाऊ नका, विचारून घ्या. मिसोप्रोस्टॉलच्या वेळी औषध नसलेली गोळी देता आली, कारण घरच्या बाळंतपणात तेव्हा इंजेक्शन मिळण्याची सोय नव्हती. आज दवाखान्यात बाळंतपण होत असताना तसं चालणार नाही. मग विचारा, नव्या औषधाचा त्रास काय होऊ शकतो, झाला तर कुणाला फोन करायचा, खर्च कोण करणार. नियम असा आहे की चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. जाण्यायेण्याचा खर्च मिळतो का, तेही मोकळेपणानं विचारा. मजुरी बुडवून बेळगावला जायचं म्हणजे काय हे त्यांनाही माहीत आहे.

फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. ही कमिटी कॉलेजचीच असली तरी तिच्यात बाहेरची माणसं असतात, डॉक्टर नसलेली सामान्य माणसंही असतात, आणि अभ्यास करणाऱ्यांवर लक्ष ठेवणं हेच तिचं काम. त्या नंबरवर तुम्ही स्वतः बोलू शकता. शिवाय भारतातल्या औषध चाचण्यांची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत करावी लागते, औषधांच्या बाबतीत २००९ पासून ते सक्तीचं आहे. त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक घ्या. तुमच्या घरातलं कॉलेजला जाणारं कुणीही तो मोबाईलवर शोधून देईल. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ केली, तर मात्र तिथंच थांबा.

दीरांच्या भीतीचं काय? तायी कार्ड, तपासण्या, बाळंतपणाची सोय, यातलं काहीही या सहीवर अवलंबून नाही. आधी ‘हो’ म्हणून सातव्या महिन्यात ‘नको’ म्हटलं तरी चालतं, कारण सांगावं लागत नाही. सिस्टर नाराज होतील का? होऊही शकतात, माणूसच आहेत. पण त्यांनाही हे नियम शिकवलेले असतात. तुम्ही नीट विचारून नकार दिलात तर त्याची नोंद फक्त ‘सहभागी नाही’ एवढीच होते.

माझं मत विचाराल तर, उत्तरं नीट मिळाली तर जायला हरकत नाही. अशा अभ्यासात बाळंतिणीवर नेहमीपेक्षा जास्त लक्ष असतं हे खरं, पण त्या कारणासाठी जाऊ नका. अभ्यास हा उपचार नव्हे. कुठलं औषध चांगलं हे अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणूनच तो चाललाय. आपल्यामागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावं असं जाऊबाईंना स्वतःला वाटलं, तर जावं.

मामंजींचं थोडं वेगळं आहे. केरळच्या अगस्त्यमलाईत १९८७ मध्ये शास्त्रज्ञ रानात फिरत होते, आणि बरोबरची काणी जमातीची माणसं एका रोपट्याची फळं खाऊन न थकता चालत होती. त्या वनस्पतीपासून पुढं औषध तयार झालं, आणि परवान्याच्या रकमेतला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरलं. पुढं तो व्यवहार म्हणावा तसा चालला नाही, पण वाटा मागता येतो हे जगाला दिसलं. आपल्याकडं नरक्या या रानातल्या झाडाचं उदाहरण याच्या उलट आहे. कर्करोगाच्या औषधांना लागणारा कॅम्प्टोथेसिन हा घटक त्यात सापडतो हे कळल्यावर सह्याद्रीत, चंदगडच्या रानापर्यंत, नरक्याची चोरटी तोड झाली. तेव्हा मामंजींनी पोरांना जरूर शिकवावं, त्यांच्यासारखे जाणकार आता कमी राहिलेत. पण दुर्मीळ झाड नेमकं कुठं आहे ते अनोळखी माणसाला दाखवू नये. पुन्हा कुणी आलं तर कॉलेजचं पत्र मागा, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी. जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि एक लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत ती आहे का ते बघा. असेल तर मामंजींची माहिती त्यात त्यांच्या नावानं लिहून घ्या, नसेल तर ग्रामसभेत विचारा. आणि त्या दोन पोरांचा नंबर घरात कुणाकडं असेल तर फोन करून सांगा, जे लिहाल त्यात मामंजींचं नाव घाला आणि एक प्रत मराठीत पाठवा.

‘परत कोण येत नाही’ हे तुमचं वाक्य मला लागलं. ते खरं आहे आणि ते बदलता येतं. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये पूर्ण झाला, आणि माहिती अधिकाराखाली भांडून, कोर्टात जाऊन तो २०१२ मध्ये लोकांसमोर आणावा लागला. तोही इंग्रजीत. ज्यांच्या गावांबद्दल होता त्यांच्यापर्यंत पोचली ती फक्त भीती, की आता घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही. कागद वेळेवर मराठीत, कानडीत, कोकणीत आला असता तर आपल्या तालुक्यातली चर्चा निराळी झाली असती असं मला ठामपणे वाटतं.

आणि उलट गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांत. १९९९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तिथला नवजात बाळांचा मृत्युदर बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी उतरला. तुमच्या जाऊबाई बाळंत होऊन घरी आल्या की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा करत बेचाळीस दिवसांपर्यंत बाळ बघायला येईल. ते काम त्या अभ्यासातून देशभर गेलं. एवढं परत आलंय. यापुढं जो कुणी गावात येईल त्याला पहिल्याच दिवशी विचारा, निष्कर्ष सांगायला कधी येणार आणि कुठं, शाळेत की ग्रामसभेत? त्याच्या वहीत ते लिहायला लावा.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. टॅब घेऊन आलेल्या मुलीनं चूक केली. घरातल्या मारहाणीचा प्रश्न कुणाच्याही समोर विचारायचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्येच हे लिहून ठेवलंय. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, ती एकटी असेल तरच, आणि कुणी आलं तर विषय बदलतात. सासूसमोर मिळालेल्या ‘नाही’ला अभ्यासात काही अर्थ नाही. शिवाय त्या बाईला त्यानं धोका होऊ शकतो. त्या सर्वेचा कागद किंवा नंबर असेल तर कळवा की उत्तर सासूबाईंच्या देखत घेतलं होतं, ते काढून टाका.

पण तुम्ही ते पत्रात का लिहिलंत, ताई? ‘खाली मान घालून’ हे तुमच्या नजरेत भरलं म्हणूनच ना. ती गप्प का आहे हे तुम्हाला कळलंय किंवा शंका आलीय, असं मला वाटतं. मी चुकत असेन तर फारच बरं. पण औषधाच्या फॉर्मबद्दल तिला विचारणारच आहात, तर ते स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर विचारू नका. नदीवर, शेतात, दवाखान्याला जाताना, जिथं तुम्ही दोघीच असाल तिथं विचारा. फॉर्म मराठीत वाचून दाखवा, तिला काय वाटतं ते विचारा, आणि मध्ये बोलू नका. ती ‘नको’ म्हणाली तर दिरांना आणि सिस्टरना तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका. ‘हो’ म्हणाली तर सासूबाईंची समजूत घालायचं काम तुमचं. तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ऐकतील.

आणि त्याच वेळी विचारा की घरात कुणी तिच्यावर हात उचलतं का. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणेल. पुन्हा चार दिवसांनी विचारा. गरोदरपणात पोटावर मार बसला, खाली लाल दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कुणाची परवानगी न घेता थेट दवाखान्यात न्या. १०८ ला फोन केला की गाडी येते. महिला हेल्पलाइन १८१ दिवसरात्र चालू असते, फुकट आहे, आणि नाव न सांगताही बोलता येतं. तिच्या वतीनं तुम्हीही बोलू शकता. मराठीत बोला, समजलं नाही तर मराठी येणारं माणूस द्या म्हणून सांगा. हे दोन्ही नंबर तिच्या मोबाईलमध्ये स्वतंत्र नावानं ठेवण्यापेक्षा तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि तिला तोंडपाठ करून घ्या.

तिनं काय सांगितलं ते मला पुन्हा लिहायचं असेल तर लिहा. ते पत्र छापणार नाही.